लहानग्यांच्या ओठांवर पुन्हापुन्हा उठणारे फोड

लहान मुलाच्या ओठाच्या कडेला बारीक, पाणीदार फोडांचा पुंजका उठतो. तीन-चार दिवसांत ते फुटतात, त्यावर खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत कातडी पूर्ववत होते. घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. मग दोन-तीन महिन्यांनी मुलाला सर्दीताप येतो आणि नेमक्या त्याच जागी फोड पुन्हा हजर होतात. आजी म्हणते, अंगातला ताप ओठावाटे बाहेर पडला. शेजारीण म्हणते, रात्री कोळी तोंडावरून गेला असेल. आईला वाटते, उष्णता झाली. शेवटी मुलाला डॉक्टरांकडे नेले जाते, डॉक्टर कागदावर ‘हर्पिस’ असा शब्द लिहितात आणि घरात एक विचित्र शांतता पसरते.

कुटुंबभेटीच्या निमित्ताने घरोघरी जाताना हा शब्द आम्ही दबक्या आवाजात उच्चारलेला अनेकदा ऐकला आहे. त्यामागे कधी नागिणीची धास्ती असते, तर कधी ‘हा तर वाईट चालीचा आजार’ अशी कुजबुज. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या ओठावरच्या फोडावरून त्याच्या आईकडे संशयाने पाहिले जावे, ही गोष्ट आम्हाला त्या फोडापेक्षा अधिक वेदनादायी वाटते. म्हणून प्रथम या शब्दाचाच उलगडा करणे आवश्यक आहे.

हर्पिस हे एका रोगाचे नाव नसून विषाणूंच्या एका मोठ्या कुळाचे नाव आहे. कांजिण्या आणि नागीण या कुळातील एका विषाणूमुळे होतात. ओठांवरचे फोड दुसऱ्याच विषाणूमुळे येतात. त्याला ‘हर्पिस सिम्प्लेक्स’ म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत. दुसरा प्रकार प्रामुख्याने लैंगिक संबंधांतून पसरतो, तर पहिला प्रकार बहुधा बालपणीच, लाळेतून आणि ओठांच्या स्पर्शातून, म्हणजे सोप्या भाषेत पापी घेतल्याने अंगात शिरतो. मुलांच्या ओठांवर दिसतो तो जवळजवळ नेहमी हा पहिला प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगातील पन्नाशीच्या आतील सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे ६४ टक्क्यांच्या शरीरात तो वास करून आहे. रविवारच्या मिस्सेला आपल्या बाकावर बसलेल्या माणसांकडे नजर टाकली, तर त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक त्याचे यजमान असण्याचीच शक्यता मोठी आहे. त्यांतील बहुतेकांना हे ठाऊकही नसते, कारण त्यांना कधी एकही फोड आलेला नसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ओठावर फोड नसतानाही हा विषाणू अधूनमधून लाळेत उतरत असतो. त्यामुळे मुलाला तो आजोबांकडून मिळाला, आत्याकडून मिळाला की पाळणाघरातील सवंगड्याकडून, याचा शोध घेणे जवळजवळ अशक्य असते. जे शोधता येत नाही त्याचा ठपका सुनेवर ठेवण्याची प्रथा आपल्या घरांतून जितक्या लवकर जाईल तितके बरे. फोड ओठांऐवजी गुप्तांगाच्या जागी आले असतील तर मात्र ते डॉक्टरांना दाखवलेच पाहिजेत. मुलाच्या स्वतःच्या हातानेही ते तेथे पोहोचू शकतात. तरीही डॉक्टर त्याविषयी काही अवघड प्रश्न विचारतील. ते मुलाच्या संरक्षणासाठी असतात. पालकांनी त्यांचा राग मानू नये.

या विषाणूशी मुलाची पहिली गाठ पडते ती बहुधा सहा महिने ते पाच वर्षे या वयात. पुष्कळ मुलांत ती भेट कोणाच्या लक्षातही येत नाही. काहींत मात्र ती फार त्रासदायक ठरते. ताप चढतो, हिरड्या लालबुंद होऊन सुजतात, त्यांतून रक्त येते, जिभेवर, गालांच्या आतून आणि ओठांभोवती फोड येऊन त्यांच्या जखमा होतात, लाळ गळते, मानेतल्या गाठी सुजतात आणि मूल खाणेपिणे नाकारते. पालकांना वाटते, साधे ‘तोंड आले’ आहे. साध्या तोंड येण्यात मात्र इतका ताप आणि हिरड्यांची अशी सूज नसते. हा प्रकार दहा ते चौदा दिवस चालतो. त्यात खरा धोका फोडांपासून नसून अंगातले पाणी कमी होण्यापासून असतो, कारण घोट गिळताना होणाऱ्या वेदनेमुळे मूल पाणीच पीत नाही.

अशा वेळी पोटभर जेवणाचा आग्रह धरू नये. द्रवपदार्थ मात्र सोडू नयेत. गार ताक, शहाळ्याचे पाणी, पातळ केलेली पेज, थंड दूध, चमच्याचमच्याने मऊ गुरगुट्या भात, इतकेच काय, आइस्क्रीमसुद्धा या दिवसांत औषधासारखे मानावे. एरवी आइस्क्रीमला विरोध करणाऱ्या आजीनेही येथे थोडी सवलत द्यावी. संत्रे, लिंबू, टोमॅटो, तिखट आणि खारट पदार्थ झोंबतात, ते टाळावेत. वेदना कमी झाल्याशिवाय मूल पिणार नाही, म्हणून डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेले पॅरासिटामॉल पाजावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने पेला पुढे करावा. मोठ्यांची ॲस्पिरिनची गोळी मोडून मुलाला कधीही देऊ नये. तिच्यामुळे मुलांच्या यकृतावर आणि मेंदूवर क्वचित पण अतिशय गंभीर परिणाम होतो. मुलाने सहा-आठ तासांत लघवी केली नाही, जीभ कोरडी पडली, रडताना अश्रू येईनासे झाले किंवा ते मलूल होऊन पडून राहिले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

हा पहिला हल्ला ओळखला गेला आणि पहिल्या तीन दिवसांत मूल डॉक्टरांकडे पोहोचले, तर ॲसायक्लोव्हिर नावाचे पोटात घ्यायचे औषध देता येते. त्याने जखमा लवकर भरतात आणि ताप लवकर उतरतो. या औषधाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील गर्ट्रूड एलियन या संशोधिकेच्या चमूने १९७०च्या दशकात ते सिद्ध केले. एलियन यांच्या आजोबांचा कर्करोगाने मृत्यू झाला तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या आणि तेव्हाच त्यांनी औषधांच्या शोधाकडे वळायचे ठरवले. डॉक्टरेट पूर्ण करण्याची संधी त्यांना मिळाली नाही, तरी १९८८ साली त्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी ठरल्या. निरोगी पेशींना फारसा धक्का न लावता विषाणूची वाढ तेवढी रोखणारे ॲसायक्लोव्हिर हे आरंभीच्या औषधांपैकी एक. मात्र ते विषाणूला आवरते, शरीराबाहेर घालवत नाही. पालकांची सर्वाधिक निराशा होते ती येथेच. ‘एवढे औषध दिले, तरी पुन्हा कसे?’ हा प्रश्न आम्हालाही अनेक मातांनी विचारला आहे.

पुन्हा येण्याचे कारण असे, की पहिल्या भेटीनंतर हा विषाणू ओठांच्या कातडीत राहत नाही. संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेने तो वर सरकतो आणि कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या बाजूस आत असलेल्या त्यांच्या गाठीत जाऊन निद्रिस्त होतो. अर्नेस्ट गुडपाश्चर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२९ मध्येच असा तर्क मांडला होता. १९७०च्या दशकाच्या आरंभी मृत व्यक्तींच्या याच गाठींतून विषाणू वेगळा काढण्यात आला आणि त्या तर्काला पुरावा मिळाला. तेथे तो आयुष्यभर राहतो. काही निमित्त घडले की जागा होतो, त्याच मज्जातंतूवरून खाली उतरतो आणि त्याच जागी फोड उठवतो. म्हणजे मुलाचे रक्त ‘बिघडलेले’ नाही, पोट साफ नसल्याने हे झालेले नाही, आंबे खाल्ल्यानेही नाही. रक्तशुद्धीच्या बाटल्यांवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

निमित्ते मात्र ओळखता येतात. ताप आणि सर्दी हे सर्वांत नेहमीचे. त्याखालोखाल कडक ऊन, अपुरी झोप, अतिश्रम, ओठाला झालेली इजा, दाताची शस्त्रक्रिया, मनावरचा ताण. प्रत्येक मुलाचे निमित्त निराळे असते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका असतेच; फोड आला त्या तारखेवर खूण करावी आणि शेजारी आदल्या दोन-तीन दिवसांत काय घडले ते दोन शब्दांत लिहावे. वर्षभरात चित्र स्पष्ट होते. एखाद्याचे फोड दर मे महिन्यात, दिवसभर वाडीत वा समुद्रकिनारी हुंदडल्यावर येतात; एखाद्याचे परीक्षेच्या आठवड्यात. उन्हामुळे येणाऱ्या फोडांवर उपाय सोपा आहे: रुंद काठाची टोपी आणि ओठांना लावायचा एस.पी.एफ. ३० किंवा त्याहून अधिक असलेला मलम. मुले तो चाटून टाकतात, म्हणून पुनःपुन्हा लावावा लागतो. सर्दीताप काही टाळता येत नाहीत. तेथे फोड येणार हे गृहीत धरून तयारीत राहावे.

ही तयारी पहिल्या काही तासांतच उपयोगी पडते. फोड दिसण्यापूर्वी त्या जागी मुंग्या येतात, खाज सुटते किंवा जळजळते. मोठे माणूस ते ओळखते. लहान मूल नुसतेच ‘ओठ चावतोय’ म्हणते किंवा सारखी जीभ फिरवत राहते. तीन-चार वेळा अनुभव घेतल्यावर आईला ही खूण कळू लागते. डॉक्टरांनी सुचवले असल्यास ॲसायक्लोव्हिरचा ५ टक्क्यांचा मलम याच क्षणापासून, दिवसातून पाच वेळा, पाच दिवस लावतात. त्याचा लाभ माफकच आहे, हेही सांगणे आवश्यक वाटते: फोड फार तर अर्धा-एक दिवस लवकर बरा होतो आणि खपली धरल्यावर सुरुवात केली तर तेवढाही उपयोग होत नाही. मलम तोंडाच्या आत वा डोळ्याजवळ लावू नये. घरात मलम नसेल तर खंत करू नये. थंड पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाची घडी ओठावर धरली की ठणका कमी होतो आणि खपली धरल्यावर साध्या व्हॅसलिनचा पातळ थर दिला की ती तडकत नाही.

मलम लावण्याआधी व नंतर साबणाने हात धुवावेत. मुलाची नखे कापलेली असावीत. अंगठा चोखणाऱ्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ओठावरचा विषाणू बोटाच्या पेराला लागून तेथेही अतिशय दुखरे फोड येतात. पेला, चमचा, टॉवेल वेगळा ठेवावा. खपली पडून कातडी भरून येईपर्यंत हे पथ्य पुरे. भांडी नेहमीप्रमाणे साबणाने घासली की झाले. मुलाला अंगणात वेगळे जेवायला बसवण्याची गरज नाही.

काय करू नये, याची यादी आपल्याकडे दुर्दैवाने मोठी आहे. फोड सुईने टोचू नयेत. त्यावर टूथपेस्ट, चुना, कापूर किंवा लिंबाचा रस लावू नये. नाजूक कातडी भाजते आणि जखमेत जंतू शिरतात. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा स्नायू लुळे करणारा विकार होऊ शकतो. तोंड बधिर करणाऱ्या बेन्झोकेनयुक्त जेलविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये इशारा दिला, की दोन वर्षांखालील मुलांना ते वापरू नये. परंतु आम्हाला सर्वाधिक चिंता वाटते ती औषधाच्या दुकानातून ‘खाजेचा मलम’ म्हणून आणलेल्या ट्यूबची. गजकर्णावर, घामोळ्यांवर, मुरुमांवर, सगळ्यावर तीच ट्यूब! तिच्यात बहुधा स्टेरॉइड असते. ते लालसरपणा लपवते आणि त्याचबरोबर कातडीची प्रतिकारशक्तीही दाबते, त्यामुळे विषाणूला मोकळे रान मिळते. स्टेरॉइडचे असे अनेक मलम २०१८ मध्ये केंद्र सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत घातले. तरी शेजाऱ्याने दिलेल्या अर्ध्या ट्यूबला कोणती चिठ्ठी अडवणार?

आता थोडे गंभीर विषयाकडे. निरोगी मुलाला ओठावरच्या फोडापासून सहसा धोका नसतो, पण काही प्रसंगी हाच विषाणू घातक रूप धारण करतो. डोळा लाल होणे, दुखणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे किंवा पापणीवर फोड उठणे असे झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. बुबुळावर व्रण होऊन दृष्टी अधू होऊ शकते. घरात पडून असलेले डोळ्यांचे थेंब घालू नयेत, कारण त्यांत स्टेरॉइड असल्यास व्रण वाढतो. ज्या मुलाला इसब आहे, त्याच्या इसबाच्या चट्ट्यांवर अचानक एकसारखे फोड व ताप आला तर तेही तातडीचे प्रकरण समजावे. कर्करोगावरील किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार चालू असलेल्या मुलांचे तसेच. ताप असताना मूल असंबद्ध बोलू लागले, झटके आले किंवा जागे करूनही नीट जागे होईना, तर क्षणाचाही विलंब नको. ओठाभोवती मधासारख्या रंगाच्या खपल्या पसरू लागल्या तर तो बहुधा निराळा, जिवाणूंचा संसर्ग असतो आणि त्याचे औषध वेगळे आहे. फोड दहा-बारा दिवसांत बरा झाला नाही, तरी डॉक्टरांना दाखवावे. वर्षातून सहा किंवा अधिक वेळा त्रास होणाऱ्या मुलांना काही महिने रोज पोटात औषध देण्याचा पर्यायही बालरोगतज्ज्ञांकडे असतो.

सर्वांत जपायचे ते नवजात बाळाला. पहिल्या चार-सहा आठवड्यांत बाळाची प्रतिकारशक्ती इतकी कोवळी असते, की हा विषाणू त्याच्या मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोहोचून जीव घेऊ शकतो. बाळ जन्मले की आपल्याकडे घर भरून जाते, बाप्तिस्म्याच्या दिवशी तर प्रत्येक मावशी-काका बाळाचे मुके घेतल्यावाचून राहत नाही. ज्याच्या ओठावर फोड आहे किंवा नुकताच येऊन गेला आहे, त्याने बाळाचा मुका घेऊ नये, मग ती गॉडमदर असो वा खुद्द आजी. घरातल्या थोरल्या भावंडालाही हे समजवावे लागते. स्वतः आईच्या ओठावर फोड असेल तर तिने दूध पाजणे थांबवू नये. हात धुवावेत, तोंडाला मास्क बांधावा आणि मुका तेवढा टाळावा. स्तनावरच फोड असल्यास त्या बाजूचे दूध पाजू नये आणि डॉक्टरांना विचारावे. एवढ्याशा बाळाच्या अंगावर फोड दिसला, ते तापले, गार पडले, पिईनासे झाले किंवा सुस्तावले, तर त्याच दिवशी इस्पितळात न्यावे.

धार्मिक विधींच्या वेळी काय करावे, असेही पालक विचारतात. उत्तम शुक्रवारी क्रुसाला वंदन करताना चुंबन हीच एक रीत नाही. गुडघा टेकून किंवा मस्तक लववूनही वंदन होते आणि ओठावर फोड असलेल्याने, मूल असो वा मोठा, तसेच करावे. नाताळात बाळ येशूच्या मूर्तीचे चुंबन घेण्याची रीत जेथे आहे तेथेही हाच नियम. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या आठवड्यात फोड आला, तर समारंभ पुढे ढकलण्याचे कारण नाही. ख्रिस्तप्रसाद हातावर घेता येतो. हे समारंभ बहुधा उन्हाळ्यात होतात, तालमी व मिरवणुकीत मुले तासभर उन्हात उभी राहतात, हे आयोजकांनी ध्यानात ठेवले तर निम्मे फोड टळतील, असे आम्हाला वाटते. छायाचित्रात ओठावर खपली दिसेल म्हणून रडणाऱ्या मुलीला मात्र आम्ही काय समजावणार? ते काम तिची आईच करू जाणे.

शाळेचेही तसेच आहे. पहिल्या हल्ल्यात, ताप असताना आणि लाळ गळत असताना, मुलाला घरीच ठेवावे. त्यानंतरच्या नेहमीच्या फोडांसाठी शाळा बुडवण्याची आवश्यकता नसते. स्वतःची पाण्याची बाटली वापरणे आणि ओठाला हात न लावणे इतके पुरे. वर्गात चिडवाचिडवी होते, म्हणून बाईंच्या कानावर आधीच घालावे. मूल तीन-चार वर्षांचे झाले की त्याला त्याच्याच शब्दांत सांगता येते, की हा फोड तुझ्या कुठल्याही खोडीमुळे आलेला नाही, बाबांनाही लहानपणी येत असे, वयाबरोबर तो कमी होत जाण्याचा संभव असतो. आणि फोड आहे तोवर बाळाच्या गालाची पापी घ्यायची नाही, आधी हात धुवायचे आणि मग त्याच्या पायांना गुदगुल्या करायच्या.